चोर सोडून संन्याशाला

ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सच्या कर्नलची ६.१ ही आवृत्ती घडत होती. जगभरच्या प्रोग्रामरांनी पाठवलेले बदल एकत्र जोडून घेण्याचा तो पंधरवडा, आणि नेमका त्यातच लिनस टोरव्हाल्ड्स यांचा मुख्य संगणक बिघडला. कर्नल कंपाइल करायला घेतला की कंपायलर मध्येच कोसळे. तेच काम पुन्हा दिले की दुसऱ्याच फाइलवर कोसळे. २०२० मध्ये त्यांनी स्वतः सुटे भाग आणून जोडलेले हे मशीन अडीच वर्षे बिनतक्रार चालले होते. त्यामुळे पहिला संशय गेला तो नुकत्याच बदललेल्या कर्नलवर. खराब निघाली मात्र रॅमची एक पट्टी. नवी पट्टी येईपर्यंत लिनक्सच्या कर्त्यालाच लॅपटॉपवर काम रेटावे लागले.

ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यालाही आधी तीच दोषी वाटली, तर मग पहिल्यांदाच घरी संगणक जोडणाऱ्या मुलाला काय वाटेल? डायनिंग टेबलावर मशीन उभे राहिलेले असते, पेनड्राइव्ह लावलेला असतो, विंडोजची टक्केवारी निम्म्याच्या आसपास येते आणि पडदा निळा होतो. २०२५ पासूनच्या विंडोज ११ मध्ये तो काळा होतो, एवढाच फरक. पडद्यावर नाव विंडोजचे, म्हणून गुन्हाही विंडोजचा. या निदानावर आपल्याकडे औषधही ठरलेले आहे: ‘फॉरमॅट मार आणि परत टाक.’ गावोगावच्या संगणक दुरुस्तीत या औषधाइतके दुसरे कुठलेच खपले नसेल. कधी गुणही येतो. पण नव्या जुळणीत इन्स्टॉलेशनच पडत असेल, तर फॉरमॅट मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. ऑपरेटिंग सिस्टिम सापडते, कारण संगणकात बोलणारी तेवढी एकच असते. रॅम बोलत नाही, वीज पुरवणारा एसएमपीएस बोलत नाही, ढिला बसलेला कूलर तर मुळीच नाही.

आठ खोकी, आठ वॉरंट्या

ब्रँडेड संगणकाचे भाग कारखान्यात एकमेकांबरोबर चालवून पाहिलेले असतात. असेंबल्ड मशीनचे तसे नसते. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कूलर आणि कॅबिनेट आणखी कुणाकुणाचे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असते, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या बाजाराची जुनी ठिकाणे. आता जोडीला ऑनलाइन दुकाने आली. खोकी कुठूनही येवोत, त्यांतल्या वस्तूंची पहिली भेट आपल्या घरात होते.

ही सोय शक्य झाली ती मोकळ्या रचनेमुळे. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांचा होता, म्हणून इतरांना त्याच्यासारखे संगणक करता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवले आणि त्या मापाचा कुठलाही बोर्ड त्या मापाच्या कुठल्याही कॅबिनेटात बसू लागला. पण मापांचा करार एवढेच सांगतो की भाग एकमेकांत बसतील. ते एकमेकांशी नीट चालतील याची हमी त्यात नाही.

‘डिस्प्ले आला’ म्हणून जोडणारा टाळी वाजवतो, तेव्हाही फारसे काही सिद्ध झालेले नसते. बायोसचा पडदा दाखवायला प्रोसेसरची ताकद नावापुरती लागते, रॅमचा कोपराच वापरला जातो, ग्राफिक्स कार्ड जवळपास झोपलेले असते. मशीनचा कस लागतो तो ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना.

विंडोजचा सेटअप सुरू होतो तेव्हा पेनड्राइव्हवरची एक छोटी विंडोज अख्खी रॅममध्ये चढते. सेटअपला दिसणारी ‘एक्स’ ड्राइव्ह ही खरी डिस्क नसतेच, ती रॅममध्येच असते. मग पाच जीबीच्या आसपासची, दाबून लहान केलेली एक फाइल उलगडायला घेतली जाते. पेनड्राइव्हवरून वाचायचे, रॅममध्ये ठेवायचे, प्रोसेसरने उलगडायचे, एसएसडीवर लिहायचे, असे सगळे भाग पहिल्यांदाच एकदम कामाला लागतात. शिवाय दाबलेली माहिती चुकीला क्षमा करत नाही. फोटोतला एक ठिपका बदलला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. दाबलेल्या फाइलमध्ये मात्र पुढचा मजकूर मागच्यावर उभा असतो; एक बिट उलटला की तिथून पुढचे सगळे बिघडते, पडताळणीचा आकडा जुळत नाही आणि सेटअप हात वर करतो. चित्रपट पाहताना, ब्राउझर चालवताना ठीक वाटणारे मशीन इन्स्टॉलेशनमध्ये पडते ते यामुळे.

पाऊस लागला की दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ओल दिसते आणि भेग असते गच्चीत, दुसऱ्याच टोकाला. सेटअपचा संदेश ही अशी ओल आहे. ‘फाइल खराब आहे किंवा सापडत नाही’ हे वाक्य खोटे नसते. फाइल खरोखरच खराब हाती आलेली असते. ती पेनड्राइव्हवर खराब होती, तारेत झाली, रॅममध्ये झाली की प्रोसेसरच्या पोटात, हे त्या वाक्यात नसते.

एकाच जागी की वेगवेगळ्या?

तपासाचा पहिला प्रश्न संदेश काय आला हा नव्हे. मशीन दर वेळी त्याच जागी पडते का, हा आहे. १९९० च्या दशकात रोजियर वोल्फ या डच प्रोग्रामरने लिनक्सवाल्यांसाठी यावर एक टिपण केले होते. कर्नल कंपाइल करताना ‘सिग्नल ११’ म्हणून कंपायलर कोसळतो, असे लोक म्हणत. टिपणाचा मथितार्थ असा: चूक दर वेळी तिथेच येत असेल तर सॉफ्टवेअर पाहा, जागा बदलत असेल तर यंत्र पाहा. सॉफ्टवेअर दिलेल्या सूचना त्याच क्रमाने पाळते, त्यामुळे त्याची चूकही बहुधा ठरलेल्या ठिकाणी भेटते. खराब रॅम, कमी पडणारी वीज आणि वाढलेले तापमान यांना असा धरबंध नसतो.

एकाच जागी अडणारी प्रकरणे त्या मानाने सोपी. आधी उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पूर्ण आहे का, ते पाहावे. तिचा एसएचए-२५६ आकडा प्रकाशकाने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायला फार वेळ लागत नाही. मग पेनड्राइव्ह. बाजारात अशा बनावट पेनड्राइव्ह मिळतात, ज्या ६४ जीबी म्हणून मिरवतात आणि आत असतात त्याहून कितीतरी लहान. जागा संपली की नवे लिहिलेले हरवते किंवा जुन्यावर चढते, आणि कॉपी करताना कुरकुर मात्र होत नाही. फॅट-३२ पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल आता ती मर्यादा ओलांडते, म्हणून हाताने कॉपी करून केलेली बूटेबल पेनड्राइव्ह अर्धवट राहते. रूफससारखे साधन यातून वाट काढते.

काही वेळा जे ‘क्रॅश’ म्हणून सांगितले जाते तो क्रॅश नसतोच. इंटेलच्या ११व्या पिढीपासून अनेक मशीनवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला एसएसडी दिसतच नाही. पहिल्या रीस्टार्टनंतर बूट क्रमात पेनड्राइव्हच वर राहिली तर सेटअप पुन्हा पहिल्या पानावर येतो आणि माणूस समजतो की मशीन पडले. जुन्या प्रोसेसरवर हट्टाने विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात; त्या नसतील तर ती सुरूच होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपल्यावर असे प्रयोग वाढले तर नवल नाही. लिनक्स टाकताना एनव्हिडियाच्या कार्डावर पडदा गोठला, तर बूट करताना ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून पाहतात. ग्राफिक्सचा पूर्ण ड्रायव्हर त्यामुळे बाजूला राहतो. तेवढ्याने काम पुढे गेले तर गुन्हेगार सापडला, आणि तो खरोखरच सॉफ्टवेअरमधला निघाला.

खरी डोकेदुखी जागा बदलणाऱ्या बिघाडाची.

रॅमची पट्टी

जागा बदलत असेल तर आधी रॅम. घरगुती संगणकाइतकीच तिची बदनामीही जुनी आहे. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आलेला आल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संच होता. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली, पण ती चालवायला वाढीव मेमरी लागे आणि एमआयटीएस कंपनीचे चार किलोबाइटचे मेमरी बोर्ड भरवशाचे नव्हते. बॉब मार्श या हौशी गृहस्थाने आपल्या प्रोसेसर टेक्नॉलॉजी कंपनीतर्फे नीट चालणारे बोर्ड विकून चांगला जम बसवला.

आज १६ जीबी रॅममध्ये सुमारे १३,७४४ कोटी बिट असतात. त्यातला एखादा का उलटतो? १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. तेव्हापासून ‘एखादा बिट कधीतरी उलटायचाच’ अशी समजूत रुजली. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलमधील दोघा सहकाऱ्यांनी गूगलच्या हजारो सर्व्हरची अडीच वर्षांची नोंद तपासली, तेव्हा चित्र बदलले. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका दिसल्या, आणि त्या आकाशातून आलेल्या अपघातांपेक्षा पट्टीतल्या कायमच्या दोषांकडे बोट दाखवत होत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याचा संभव बराच मोठा. ‘एकदाच झाले होते, जाऊ दे’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

गूगलला हे मोजता आले, कारण सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखण्याची ईसीसी सोय असते. घरगुती रॅममध्ये ती सहसा नसते. डीडीआर-५ पट्टीत चिपच्या आतल्या आत काही चुका सुधारल्या जातात, पण त्याची खबर ऑपरेटिंग सिस्टिमला मिळत नाही आणि पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतची वाट उघडीच राहते. टोरव्हाल्ड्स यांनी २०२१ च्या जानेवारीत इंटेलवर याच मुद्द्यावरून सडकून टीका केली होती: ग्राहकाचे मशीन चुकते आहे हे त्याला कळण्याची सोय बाजाराच्या गणितासाठी काढून घेतली, असा त्यांचा राग होता. त्यानंतर दोन वर्षे उलटायच्या आत त्यांच्याच बिनईसीसी पट्टीने दगा दिला.

घरी जोडणाऱ्याने मात्र पट्टीला दोष देण्याआधी तिला दिलेला वेग पाहावा. खोक्यावर ६००० लिहिलेले असते, पण ती पट्टी आपोआप धावते ४८०० वर. खोक्यावरचा वेग मिळवायला बायोसमध्ये इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीचे एक्स्पो चालू करावे लागते, आणि हे दोन्ही ओव्हरक्लॉकिंगमध्येच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यातच, मोडतात. चालेल याची हमी कुणी देत नाही. चार पट्ट्या लावल्या की अडचण वाढते: रायझन ७००० मालिकेसाठी चार पट्ट्यांचा एएमडीचा अधिकृत वेग फक्त ३६०० आहे. दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. आणि नव्या डीडीआर-५ मशीनचा पडदा पहिल्या वेळी काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून प्लग ओढू नये.

आपल्याकडच्या मेकॅनिकचा हुकमी उपाय म्हणजे पट्टी काढायची, सोनेरी दात खोडरबराने घासायचे आणि परत लावायची. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, दातांवर थर धरतो आणि त्याने संपर्क बिघडतो, त्यामुळे हा उपाय अगदीच अडाणी नाही. पण बऱ्याचदा गुण येतो तो रबराने नव्हे, पट्टी पुन्हा नीट बसल्याने. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. तो वरचेवर घासला तर रोगापेक्षा औषध महाग पडते.

खरी परीक्षा मेमटेस्टची. ख्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या या प्रोग्रामचे आजचे अवतार ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या मशीनवर पेनड्राइव्हवरून चालतात, हेच त्यांचे मोठेपण. रात्री लावून ठेवावा. सकाळी एकही लाल ओळ दिसली तरी ते मशीन नापास. इथे ‘दोन-चारच चुका आहेत’ हा युक्तिवाद चालत नाही.

वीज, उष्णता आणि एक पितळी खुंटी

रॅम निर्दोष निघाली तर नजर एसएमपीएसकडे वळवावी. स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ आलेल्या डब्यावर वॅटचा आकडा काहीही छापलेला असो, इंटेलचा १३९००के हा प्रोसेसर भरात आला की एकटाच २५३ वॅट ओढतो, आणि हा भार क्षणात चढतो-उतरतो. एटीएक्सच्या मूळ नियमाप्रमाणे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी. त्याखाली डुबकी मारली की निळा पडदाही न दाखवता मशीन थेट रीस्टार्ट होते. संदेश न देता बंद पडणे ही बहुधा विजेची किंवा उष्णतेची खूण असते. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसला साधारण ३६० वॅटच पेलतात. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेले मशीन त्यावर लावून यूपीएस बीप करत बंद पडला, तर विंडोजला बोल लावू नये.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब दिसू शकतो. प्रवाह अगदी क्षीण असतो, तरी अशा घरात मशीन जोडायला घेण्याआधी वायरमनला बोलवावे.

उष्णतेचे प्रकरण लवकर कळते. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली, की बायोसमध्येच तापमान चढताना दिसते आणि १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला आवरतो किंवा मशीन बंद करतो. उलट कूलर फार आवळला तर प्रोसेसरवर तिरका दाब येतो आणि रॅमची एक बाजू गायब होऊ शकते. सॉकेटातली एखादी वाकलेली पिनही हेच करते. बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेली पितळी खुंटी मागून शॉर्ट करते. हे दोष कुठल्याच प्रोग्रामला सापडत नाहीत. डोळ्यांना आणि टॉर्चला सापडतात.

अशक्य चूक

मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक हकिकत लिहिली. लोकांच्या मशीनवरून आलेल्या क्रॅशच्या नोंदींत त्यांच्या एका सहकाऱ्याला चक्रावणारी प्रकरणे दिसली. कोसळण्याची जागा होती एक साधी सूचना: प्रोसेसरने आपल्या पोटातला एक आकडा शून्य करायचा. त्यात मेमरीला हात लागत नाही, डिस्कचा संबंध नाही. ती सूचना चुकूच शकत नाही. सहकाऱ्याने काही ग्राहकांशी संपर्क साधला, तेव्हा ती मशीन ओव्हरक्लॉक केलेली निघाली. काहींना तर तो शब्दच माहीत नव्हता. छोट्या दुकानदारांनी स्वस्तातला प्रोसेसर जास्त वेगाने पळवून त्यांना महाग मशीन म्हणून विकला होता.

त्या हकिकतीत प्रोसेसर निदान छळलेला तरी होता. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीत तेवढेही कारण लागले नाही. खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांनी ग्राफिक्स कार्डांना शिव्या घातल्या. एनव्हिडियाने २०२४ च्या एप्रिलमध्ये अशा ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितले. त्याआधीच रॅड गेम टूल्स या कंपनीने निदान मांडले होते: दाबलेली माहिती उलगडताना प्रोसेसरच चुकतो आहे, आणि त्याचे खापर भलत्यावरच फुटते आहे. इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, की प्रोसेसरच्या आतल्या सूचनांतल्या, म्हणजे मायक्रोकोडमधल्या, चुकीने तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये बायोसमार्फत सुधारणा आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. पण झिजलेल्या प्रोसेसरला ती सुधारणा बरे करू शकत नव्हती. तो बदलूनच घ्यावा लागणार होता.

म्हणून नव्या जुळणीत इन्स्टॉलेशनच्या आधी बायोस ताजा करून घ्यावा. पूर्वी ‘चालतेय ना, मग बायोसला हात लावू नका’ असे सांगत. या दोन पिढ्यांच्या बाबतीत हा सल्ला थेट नुकसानीचा आहे.

काढत जाण्याची विद्या

एवढे सगळे संशयित असताना तपासाचा क्रम हवा. बायोस मूळ स्थितीवर आणायचा, एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद. मग काढता येईल ते सगळे काढायचे: प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर वेगळे कार्डही. एक पट्टी, एक एसएसडी, कीबोर्ड-माउस आणि पेनड्राइव्ह. इन्स्टॉलेशन पार पडले तर एकेक भाग परत लावायचा आणि दर वेळी मशीनला घाम फोडायचा. नाही पार पडले तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. चूक पट्टीबरोबर फिरते की खाचेत राहते, यावरून पट्टी आणि बोर्ड यांचा निवाडा होतो. एका वेळी एकच बदल. घाईत रॅम बदलली, बायोस टाकला आणि पेनड्राइव्हही नवी केली, मशीन चालले, तर दुरुस्ती झाली पण निदान झाले नाही; तीन महिन्यांनी तोच रोग परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक प्रयोग कागदावर लिहावा: काय बदलले, कुठे पडले, कोणता कोड आला. ‘मेमरी मॅनेजमेंट’ दिसले तर रॅमचा संशय बळावतो, ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ आले तर प्रोसेसर आणि विजेचा, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आले तर डिस्क आणि तिच्या ड्रायव्हरचा. एकटा कोड पुरावा होत नाही, पण पाच वेळा पाच वेगळे कोड आले तर तेच बोलके असते: इतकी वेगवेगळी सोंगे एकटे सॉफ्टवेअर सहसा घेत नाही.

या कागदाचा उपयोग फक्त घरापुरता नाही. ब्रँडेड मशीन बिघडले की एकच फोन करायचा असतो. असेंबल्ड मशीनच्या मालकाला आधी ठरवावे लागते की आठांपैकी कोणाच्या दारात जायचे, आणि तिथे सिद्धही करावे लागते की दोष त्यांच्याच मालात आहे. काउंटरवर पट्टी ठेवून ‘विंडोज पडते’ म्हणणाऱ्याला उत्तर मिळते, ‘विंडोज परत टाकून बघा.’ हीच पट्टी कुठल्याही खाचेत, मूळ वेगावर, मेमटेस्टमध्ये त्याच पत्त्यावर चुकते, असे फोटोसकट दाखवणाऱ्याशी वाद घालणे अवघड जाते. स्वतः मशीन जोडण्यात वाचलेल्या पैशांच्या बदल्यात कारखान्यातल्या तपासनिसाची नोकरी आपण पत्करलेली असते. ती नीट केली तर खराब भाग बदलून मिळतो, आणि विंडोज एकदाच टाकावी लागते.